पित्त घालणारा हात

१६ जानेवारी १९७८

बाळ सेल्मो,

तुझ्या लेकीचं लग्न ठरलं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर मी बोलता बोलता शेळ्यांमागे कुठेतरी निघून जाईन आणि कागद संपेल. एप्रिलात आहे, ईस्टर झाल्यावर. मुलगा बादोकचा, नाव आर्सेनियो, तंबाखूच्या वखारीत काट्यावर असतो. कान जरा मोठे आहेत. मी फेलिसाला म्हटलं, मोठ्या कानांचा नवरा चांगला, निदान सांगितलेलं ऐकू तरी जातं. तर गाल फुगवून बसली. म्हणजे मुलगा पसंत आहे.

काल रविवारी ते मागणी घालायला आले. जीप भरून माणसं, चिकट भाताचे गोड पदार्थ केळीच्या पानात बांधलेले, उसाच्या दारूचा बुधला, आणि त्यांच्या वतीने बोलायला आणलेला एक म्हातारा. तो फेलिसाला ‘तुमच्या अंगणातलं फूल’ म्हणाला आणि खोकल्याची उबळ येऊन पुढचं विसरला. मग सगळे त्या फुलापाशीच थांबून राहिले. शेवटी मुलाची आजी बोलली. बिबियाना तिचं नाव. काठी घेऊन चालते, पण ती काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. काठीने तिने आमचं छप्पर दाखवलं, पायरीची तुटलेली फळी दाखवली, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली की अनवाणी फिरणाऱ्या बाईच्या हाताला चव असते. आता ही स्तुती की टोमणा, मी अजून ठरवते आहे.

आणि नेमका त्याच दिवशी पापाइतानचा रस्सा कडू झाला. कडू तर ते असायचंच, बकऱ्याचं पित्त पडल्याशिवाय ते पापाइतान कसलं. पण हे असं कडू की मी पळीभर तोंडात घेतलं आणि माझे कान हलले. वजडी, काळीज, फुप्फुस, सगळं पहाटेपासून धुऊन, बारीक चिरून, आल्याबरोबर काहीलभर शिजवलेलं. पाहुणे फाटकाशी आणि काहीलीत हे विष. मीच धांदलीत पित्त जास्त ओतलं असणार. असो.

मग काय केलं ते ऐक, तुलाही कधी उपयोगी पडेल. पाणी ओतून कडूपणा जात नाही, नुसता पातळ होऊन जास्त जागी पसरतो. मी झाऱ्याने सगळे तुकडे वर काढले आणि तांदळाच्या गरम धुवणात खळबळून घेतले. बकऱ्याचं डोकं आणि पाय दुसऱ्या पातेल्यात शिजत होते, त्यांचा रस्सा घेतला. शेजारच्या पेत्राच्या झाडाची आंबट बिंबलं ओंजळी ओंजळीने ठेचून टाकली. तिला विचारलं नाही. ती कुंपणावरून ओरडली, अगं ओसियांग, झाड तरी ठेव. आलं पुन्हा, मिरच्या पुन्हा, मीठ जरा पुढचं. मग तो कडू रस्सा परत, पळी पळीने, दर पळीला चाखत. आंबट आलं की कडू मागे सरतं, भांडखोर नवऱ्याला सासू दिसल्यासारखं. उरलेला कडू रस्सा केळीच्या बुंध्याशी ओतला. केळीचं काय होतं बघू.

बिबियानाने वाडगं पुसून खाल्लं आणि पुन्हा मागितलं. म्हणाली, “विहीणबाई, पोरगी द्यायची नसली की लोक रस्सा बिघडवतात. तुम्हाला द्यायची आहे, हे कळलं.” माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी हसत होते.

तुझे बाबा ठणठणीत आहेत. तुझं पत्र आलं की अजूनही उठून शेळ्यांकडे जातात. मी पत्र मोठ्याने वाचते. गोठा काही लांब नाही.

तर तू ये, सेल्मो. लग्नाला तीन बकरे आहेत, दोन गावांची माणसं आहेत, आणि ‘पित्त मीच घालणार’ असं तुझ्या बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलंय. तू ये. लेकीचं लग्न आहे, याहून वेगळं कारण कशाला हवं.

तेरेसितालाही विचारलं म्हणून सांग. देवाची आई तुम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवो.

तुझी आई

२० फेब्रुवारी

बाळ सेल्मो,

पत्र मिळालं, खोकाही मिळाला. मासळीचे डबे, साबण, फेलिसासाठी पांढरं कापड. कापडाला हात लावताना तिने हात धुऊन घेतले. मग दाराआड जाऊन बसली. मी बोलावलं नाही.

तू विचारलंस, आई, तू कधीपासून पित्त घालायला लागलीस?

मला वाटलं होतं इतक्या लांब, अननसाच्या मुलुखात गेल्यावर माणूस असल्या गोष्टी विसरतो. या घरात पित्ताला तुझ्या बाबांशिवाय कोणाचा हात लागत नाही. तू होतास तेव्हा तुझा लागायचा. मी लिहिलं ते खोटं होतं. मी नाही ओतलं. त्यांनी ओतलं.

नेहमीसारखे काहीलीपाशी उकिडवे बसले, पिशवीचं तोंड बोटात धरलं, थोडं सोडलं, चाखलं. म्हणाले, अजून नाही. पुन्हा सोडलं, पुन्हा चाखलं. अजून नाही. मी तेव्हा फेलिसाचे केस बांधत होते. बाहेर आले तर पिशवी रिकामी होऊन त्यांच्या हातात लोंबत होती आणि ते म्हणत होते, या बकऱ्याच्या पित्तात दमच नाही. मी चाखलं. काय झालं ते तुला लिहिलंच आहे. मी म्हटलं, अहो, सदरा बदला, पाहुण्यांपुढे उघड्या अंगाने जाणार का. ते आत गेले, आणि मी झारा उचलला.

पण बाळा, खरं सांगायचं ते पुढेच आहे. सगळं निस्तरून झाल्यावर ते सदरा घालून आले, पळी घेतली, चाखलं आणि म्हणाले, “जमलं.” आधीचं विष आणि आत्ताचा रस्सा, त्यांच्या जिभेला काही फरक नव्हता. मी हसले. मग मीही पुन्हा चाखून बघितलं.

पावसाळ्यात त्यांना तो मोठा ताप आला होता, मला वाटतं तेव्हापासूनच. तेव्हापासून जेवताना मीठ मागतात. कारलं कच्चं खातात, काकडीसारखं. मी त्यांची परीक्षा घेतली, चोर पकडायला पाळत ठेवतात तशी. सकाळच्या कॉफीत कारल्याचा पाला उकळून दिला. प्यायले. मी विचारलं, कशी झाली? म्हणाले, आज जरा चांगली केलीस. सेल्मो, मला त्यांच्यासमोर बसवेना. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. कोंबड्यांचं पोट आधीच भरलेलं होतं.

हसू नकोस. की हस थोडं, मीही हसते. इतकी वर्षं या बाप्याने माझ्या रस्स्याला नावं ठेवली आणि आता मी चिखल उकळून दिला तरी ताट चाटतील. पण तुला माहीत आहे ते गावात काय आहेत. लग्न असो की मयत, काहील कोणाचीही असो, पित्त तिनोचं. लोक ताटात भात घेऊन उभे राहतात, आणि त्यांनी “जमलं” म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. त्यांच्याकडे दुसरं काय आहे? जमीन तुझ्या काकांकडे गेली, गुडघे गेले, दात कधीच गेले. एक “जमलं” राहिलंय.

गेल्या आठवड्यात वरच्या वस्तीवर एक मयत झाली. त्यांना बोलावणं आलं. मी पण निघाले मागोमाग. पेत्रा म्हणाली, काय गं, नवी नवरी झालीस का, सारखी मागे मागे? मी काहीलीशी पोचले तोवर पिशवी पिळून झाली होती. तिथे दुसरा रस्सा नव्हता, बिंबलाचं झाड नव्हतं. मोठी माणसं मान खाली घालून जेवली. पोरांनी वाडगी कुत्र्यांपुढे ठेवली. कुत्र्यांनी हुंगलं आणि प्रेताच्या खोलीत जाऊन झोपली. परत येताना कोणीतरी मागून म्हणालं, तिनोमामांना मेलेल्याचा राग होता वाटतं. सगळे हसले. तुझ्या बाबांनी मागे वळून बघितलं आणि तेही हसले. त्यांना वाटलं, चांगल्या गोष्टीवर हसताहेत.

लग्नात असंच झालं तर? बादोकची सगळी माणसं, आपली सगळी माणसं, आणि ती काठीवाली बिबियाना. म्हणून मी तुला ये म्हणते. त्यांना मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात ते पिशवी देणार नाहीत. तुझ्या देतील. त्यांनी तो हात स्वतःच्या हाताने घडवला आहे, लहान असताना तुझ्या बोटाला ते पित्ताचा थेंब लावायचे आणि तू रडायचास, आठवतं? काहीलीशी नुसता येऊन उभा राहा. बोलू नका एकमेकांशी. पित्त घालायला बोलावं लागत नाही.

तू लिहिलंस, बाबांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही. मला माहीत होतं तू हे लिहिणार. तुम्ही दोघे एकाच लाकडाचे.

तुझी आई

१४ मार्च

सेल्मो,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते. टपालवाला म्हणतो चाळीस दिवसांच्या उपासात पत्रंही हळू चालतात. त्याला वाटतं मी त्याच्यावर खूश आहे, कारण मी रोज फाटकाशी असते.

बादोकहून निरोप आला. आर्सेनियोच सांगायला आला, बिचारा, कान लाल झालेले. त्याच्या आजीने वरच्या वस्तीवरच्या मयतीचं ऐकलंय. ती म्हणते, लग्नाचा स्वयंपाक आमचा आचारी करील, मेलेसियो नावाचा, तुम्ही वयस्कर माणसं, कशाला त्रास. त्रास! पोराने हे सांगितलं आणि अंगणात इतकं शांत झालं की शेळी चघळताना ऐकू येत होती. तुझ्या बाबांनी त्याला बसायला सांगितलं, दारू दिली, त्याच्या आईची चौकशी केली. तो गेल्यावर सुरी घेऊन दगडावर घासत बसले. तासन्‌तास घासली. मी म्हटलं, अहो, सुरीची सुई होईल. तेव्हा म्हणाले, “ज्या दिवशी माझ्या दारात दुसऱ्याचा हात पित्ताला लागेल, त्या दिवशी मी त्या पंक्तीत बसणार नाही.” मी म्हटलं, ती नातीची पंक्त आहे. म्हणाले, मला माहीत आहे कोणाची आहे.

तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी बोलते, पण माझं बोलणं कोण मोजतं. मी बोलत नसले तर कोंबड्यासुद्धा घाबरतात.

मी शेवटी फेलिसाला सांगितलं, तुझ्या आजोबांची जीभ गेली आहे. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, “आजी, लग्नाचा रस्सा कडू झाला तर मी पूर्ण वाडगं पिईन, आर्सेनियोला पण प्यायला लावीन. आजोबांना कोणी काही बोलायचं नाही.” बघ, ही तुझी मुलगी. आपल्या आईवर, रोसालियावर गेली आहे. तीही अशीच, आवाज न चढवता घर हलवायची.

रोसालियाचं नाव निघालं म्हणून लिहिते. तुझे बाबा तुझ्यावर का रागावले ते तुलाही माहीत आहे, मलाही. ती गेल्याला वर्ष होत होतं, आम्ही त्या जेवणाची तयारी करत होतो, अंगावर अजून काळे कपडे, बकरा बांधलेला, आणि त्याच आठवड्यात तुझा फोटो आला. तू आणि तेरेसिता, गळ्यात फुलांच्या माळा. त्यांनी फोटो बघितला, माझ्या हातात दिला आणि जाऊन रोसालियासाठी पित्त घातलं. त्या दिवसापासून त्यांनी तुझ्या बायकोचं नाव उच्चारलेलं नाही. ‘ती’ असंही म्हणत नाहीत. जणू तुझ्या शेजारी त्या फोटोत मोकळी जागा आहे. मी तुला दोष देत नाही. परक्या मुलुखात, एकट्या माणसाला भाताचं पातेलं किती मोठं वाटतं, ते मी समजू शकते. तुझ्या बाबांनाही दोष देत नाही. मी दोघांच्या मधे इतकी वर्षं बसले आहे की माझीच बसायची जागा झिजली.

पण आता हे त्यांचं नाही आणि तुझंही नाही. तू आलास तर मेलेसियोला परत पाठवता येईल, कोणाची मान खाली न जाता. मुलगा आला, मुलाने पित्त घातलं, यात कोणाला काय बोलायला जागा? तू आला नाहीस तर दोनच गोष्टी होतील. एकतर ते स्वतः पिशवी घेतील आणि दोन गावं हसतील. नाहीतर दुसरा कोणी घेईल, आणि ते नातीच्या लग्नात शेळ्यांपाशी जाऊन बसतील.

मला आणखी लिहायला येत नाही. पेन्सिलीचं टोक गेलंय आणि सुरी त्यांच्याकडे आहे.

ये.

आई

१७ एप्रिल

बाळ सेल्मो,

लग्न झालं. पोरगी सासरी गेली. आज घर कसं, दाणे काढून घेतलेल्या टरफलासारखं.

तुझं पत्र लग्नाच्या आधी चार दिवस आलं. तू युक्ती लिहिलीस, पित्त वाडग्यात वेगळं ठेवा, ज्याला जितकं हवं तितकं त्याने आपल्या हाताने घालावं, म्हणजे प्रश्न मिटला. चांगली युक्ती आहे. मला ती येत होती, बाळा. मी माणूस मागितला होता.

जाऊ दे. मी ते पत्र मोठ्याने वाचलं नाही. तुझे बाबा गोठ्यात बराच वेळ थांबले, मग स्वतःच बाहेर आले, आणि माझ्या तोंडाकडे बघून परत आत गेले. तेव्हा मी ठरवलं की आता मीच सांगायचं. मी मागोमाग गोठ्यात गेले. ते बकऱ्याची शिंगं पुसत होते. मी म्हटलं, अहो, सेल्मो येत नाही. म्हणाले, कळलं. मग मी म्हटलं, आणि अहो, तुम्हाला कडू कळत नाही. मागणीच्या दिवशीचा रस्सा मी बदलला होता.

मला वाटलं सुरी उचलतील. नाहीतर खाली बसतील. त्यांनी शिंग पुसायचं थांबवलं नाही. म्हणाले, “मला कुठे कळतंय, दोन वर्षं झाली. मी तुझ्या तोंडाकडे बघून घालत होतो.”

सेल्मो, मी तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसले.

दोन वर्षं! मी तापाला दोष देत होते. दोन वर्षं हा माणूस काहीलीशी बसून पित्त सोडायचा, मला चाखायला द्यायचा, आणि माझा डावा डोळा बारीक झाला की थांबायचा. माझा डावा डोळा बारीक होतो हे मला माहीतसुद्धा नाही. आरशात बघून तोंडात कारलं धरलं, तरी मला काही दिसलं नाही. मागणीच्या दिवशी मी फेलिसाचे केस बांधत होते. त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. तसेच ओतत गेले. सदरा घालून परत आले तेव्हा मी पळी पुढे केली आणि माझं तोंड बरं दिसलं, म्हणून म्हणाले, जमलं. इतर ठिकाणी स्वयंपाकाला मी असायचेच, वरच्या वस्तीवर मात्र उशिरा पोचले. कारल्याची कॉफी? तीही कळली होती त्यांना, जिभेने नव्हे. म्हणाले, पेल्यात पाल्याची शीर तरंगत होती, आणि तू समोर इन्स्पेक्टरसारखी बसली होतीस. मग मी काय म्हणणार, चांगली आहे म्हणालो.

मी हसायला लागले. त्यांनाही हसू आलं. मग मी रडले तेव्हा ते शिंगच पुसत राहिले, त्यांना दुसरं काही येत नाही. मी विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाले, सांगितलं असतं तर तू मुद्दाम तोंड करायला लागली असतीस. मग मला काय कळलं असतं?

लग्नाच्या दिवशी मेलेसियो आला, चार पोऱ्यांना घेऊन, पांढरा अंगरखा घालून. माणूस वाईट नाही, काम स्वच्छ. तुझ्या बाबांनी त्याला सगळं करू दिलं. कापणं, चामडी पेंढ्यावर भाजणं, वजडी धुणं, चिरणं. स्वतः बाकावर बसून राहिले, इस्त्रीच्या सदऱ्यात. अधूनमधून रस्त्याकडे बघत होते. मी बघितलं त्यांना बघताना, म्हणून लिहिते. चर्चमधून वरात परत आली तरी बघत होते. फेलिसाला चर्चमध्ये त्यांनीच नेलं. तुझ्या कापडाचा झगा फार सुंदर झाला होता.

मग रस्सा उकळला आणि मेलेसियोने पित्ताच्या पिशवीकडे हात नेला. तुझे बाबा उठले. सगळं अंगण बघत होतं. पेत्रा बघत होती. बिबियाना काठी दोन गुडघ्यांत धरून पुढेच बसली होती. मेलेसियो बिचारा बाजूला झाला. तुझ्या बाबांनी पिशवी हातात घेतली, आणि घातलं नाही. मला हाक मारली. मी भाताच्या टोपलीपाशी होते, हात ओले. ते म्हणाले, “ओसियांग, इथे माझ्यासमोर बस.” आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझी जीभ गेली आहे. कडू कळत नाही. हिला कळतं. हात माझा आहे अजून.”

मला वाटलं, झालं, आता कोणीतरी हसणार, आणि मी त्याला आयुष्यभर विसरणार नाही. तेवढ्यात बिबियानाने काठी आपटली. म्हणाली, “आमच्या म्हाताऱ्याची तर अक्कल गेली होती, तरी मी त्याला मरेपर्यंत घरात ठेवलं. घाला हो तिनोभाऊ, पोरं उपाशी आहेत.”

हसले सगळे. पण सेल्मो, ते हसणं वरच्या वस्तीवरच्यासारखं नव्हतं.

त्यांनी थेंब सोडला. मी चाखलं. दोन गावं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझं तोंड कसं ठेवावं मला कळेना. नवरी झाले होते तेव्हाही मी इतकी लाजले नव्हते. पुन्हा थेंब, पुन्हा पळी. मधेच त्यांनी पिशवीचं तोंड दाबलं आणि म्हणाले, जमलं. मला वाटत होतं अजून एक थेंब चालला असता. पण माझ्या डोळ्याला जास्त कळत असेल. सगळ्यांनी घास उचलले. मेलेसियो दोन वाडगी प्यायला आणि जाताना त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे नोकरी मागायला येणार आहे.

ही झाली लग्नाची हकिकत. तू इथे असतास तर ती अशी झाली नसती, हेही खरं. तू असतास तर त्यांनी पिशवी तुला दिली असती आणि जिभेचं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नसतं. पण म्हणून तू आला नाहीस ते बरं झालं, असं मी लिहिणार नाही. चर्चच्या दारात फेलिसाने एकदा मागे वळून बघितलं. मी शेजारीच होते, म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं.

आज हे पत्र लिहायला बसले तर तुझे बाबा शेळ्यांकडे गेले नाहीत. माझ्यासमोर बसलेत. मी विचारलं, काही लिहू का तुमच्याकडून? नको म्हणाले. मी लिहीत राहिले. मगाशी उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले. मग विचारलं, ती कुठली आहे? मी म्हटलं, कोण? म्हणाले, सेल्मोची. मी म्हटलं, तेरेसिता विसायाच्या बेटांकडची आहे. मग म्हणाले, तिकडची माणसं आपल्याइतकं कडू खात नाहीत.

आता म्हणताहेत, लिही, त्याला विचार, तेरेसिताला कडू किती चालतं.